तीन दिवस गप्प

रात्री दोनला सिस्टीम आपली आपण जागी होते,
उद्यमबागेत तेव्हा फक्त वॉचमनची शिट्टी आणि कुत्री.
गोडाऊनमधला एकेक सील, एकेक रॉड
ती पुन्हा पहिल्यापासून मोजते,
आणि सकाळी साडेआठला मी खुर्ची पुढे ओढते तोवर
स्क्रीनवर दोनशे अकरा निरोप.
अलीकडे ओढा. पलीकडे ढकला.
अलीकडे ओढा एक दिवस. पलीकडे ढकला चार.

पुण्याच्या गिऱ्हाइकानं एक सिलिंडर गुरुवारचा शुक्रवारी केला
की इथे चाळीस तारखा कूस बदलतात.
त्यातल्या निम्म्या ऑर्डरी तर नुसत्या अंदाजाच्या,
मनातले मांडे,
आणि मांडे काय ते बेळगावला कुणी शिकवू नये:
उपड्या खापरीवर, हातभर, पातळ,
घडी घालायला क्षणभर उशीर झाला की मोडला.

मी निरोप वाचायची आणि फोन लावायची.
"शट्टूप्पा, एंड कव्हर वीसच्या ऐवजी एकोणीसला."
"होय की."
दुसऱ्या दिवशी, "तेवीसला चालेल."
"चालतंय की."
थोडं हसायचाही. मला वाटायचं, माणूस गुणी आहे.

मग एका शनिवारी मच्छेला गेले.
चौगुले सर म्हणाले होते,
कास्टिंगला भोकं का पडतात तेवढं बघून या.
शेडमध्ये वाळूचे साचे, गोणपाटाखाली झाकलेले.
इरप्पा म्हणाला, हे तुमचेच, बुधवारचे.
गुरुवारी ओतायचे होते, मग नको झाले.
थांबलेला साचा कडेनं झडतो,
बोट लावलं तर माझ्याच नखात वाळू.

आणि भिंतीवरचा काळा बोर्ड:
आमच्या पार्टसमोरची जागा
पुसून पुसून पांढरी झालेली,
खडू तिथे उमटतच नव्हता.
तारीख त्यानं शेजारी भिंतीवर लिहिली होती, कोळशानं.

भट्टी किती वेळा पेटवली,
माझ्या एका दिवसानं कुणाची रात्र खाल्ली,
मी विचारलं नाही. त्यानं चहा दिला.
"लोखंड पातळ झालं की कुणाचं ऐकत नाही बघा,"
एवढंच बोलला.

सोमवारी सेटिंगचं पान उघडलं.
एक चौकट होती,
माझ्याआधीच्या कुणीतरी शून्य भरून सोडलेली:
किती दिवसांपर्यंतचा फरक सांगायचा नाही.
म्हणजे, किती दिवस गप्प राहायचं.
त्या बिचारीला गप्प राहायला कुणी शिकवलंच नव्हतं.
मी तीन टाकले.

खाली आणखी एक: आजपासून कितव्या दिवसापर्यंत
काहीच हलवायचं नाही. कुंपण.
सर म्हणाले, रेघ माराल हो, पाळणार कोण?
दोन लिप्यांतल्या पाट्यांखालून रोज कामाला येणारी माणसं आम्ही;
लांब कुठेतरी कुणीतरी मारलेली रेघ
आपल्या डब्यातल्या भाकरीपर्यंत कशी येते
ते आम्हाला नवं नाही.
मी दहा लिहिलं. वहीतही लिहिलं, पेनानं.

मंगळवारी सतरा निरोप.
सतराच. हातांना काय करावं कळेना.
खरं सांगायचं तर भीती वाटली,
त्या न सांगितलेल्या एकशे चौऱ्याण्णवांत
एखादा खरा असला तर?
एक होता. ओ-रिंग दोन दिवस उशिरा आली,
असेंब्लीला यल्लव्वा आणि दोघीजणी
रिकाम्या बाकावर नट मोजत बसल्या.
सर काही बोलले नाहीत, म्हणजे बोलतील.

गुरुवारी दुपारी शट्टूप्पाचा फोन.
"काय ओ मॅडम, तीन दिवस झाले, फोन नाही काय नाही.
ऑर्डर गेली काय आमची?"
नाही. आहे.
"मग तारीख?"
एकोणीस.
"सोमवारी पण एकोणीसच होती की."
हो.
पाठीमागे कुणीतरी वाळू चाळत होतं,
तो आवाज बराच वेळ येत राहिला.
"एकोणीसच?"
एकोणीसच.
"मग लिहू काय," तो म्हणाला, "रंगानं?"